अमारिलोच्या बिग टेक्सनला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

डॅलसहून गाडीने सांता फे, ग्रँड कॅन्यन नाहीतर कोलोरॅडोला जायचं ठरलं की वाटेत टेक्सासमधलं अमारिलो लागतंच, आणि अमारिलो म्हटलं की बिग टेक्सन स्टेक रँच, म्हणजे बीफच्या स्टेकचं, भाजलेल्या जाड तुकड्याचं, प्रसिद्ध हॉटेल. दर उन्हाळ्यात आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी मला विचारतं, अगं आम्ही तर बीफ खात नाही, मग तिथे जाऊन काय करायचं, बाहेरून फोटो काढतो आणि पुढे निघतो. दरवेळी माझा जीव तुटतो, कारण मी शुद्ध शाकाहारी आईला, मटण चालतं पण बीफ नाही अशा बाबांना, सगळं खाणाऱ्या नवऱ्याला आणि दोन पोरांना एकाच टेबलावर बसवून तिथे जेवलेय आणि पाचही जण पोटभर जेवून खुश होऊन बाहेर पडलेत. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय, नवीन लोकांना उपयोगी पडेल.

निघायच्या आधी

डॅलसच्या उत्तरेकडून ढोबळ ३६० मैल, हायवे २८७ पकडून विचिटा फॉल्स, चिल्ड्रेस, क्लॅरेंडन असं करत साडेपाच ते सहा तास धरा, मुलं लहान असतील तर सात. शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही, सपाट माळ आणि आभाळ, त्यामुळे गाडीत खायला काहीतरी ठेवा पण जास्त खाऊ नका, कारण पुढे पानं मोठी आहेत. पॅनहँडलमधला, म्हणजे टेक्सासच्या उत्तरेकडच्या पट्ट्यातला, हा भाग गुरांचा आहे, मोठमोठे गोठे आहेत, वारा तिकडून असला की शेणाचा वास गाडीत येतो, त्याने घाबरू नका.

दुसरं म्हणजे वेळ. तुम्ही अल्बुकर्कीकडून येत असाल तर टेक्सासच्या हद्दीत शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं. तिकडे सहा वाजले म्हणजे इथे सात, हे विसरलात तर ऐन जेवणाच्या गर्दीत पोचाल. शनिवारी संध्याकाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत थांबावं लागतं. आम्ही नेहमी साडेचार-पाचला जातो, तेव्हा मुलांना भूक लागलेली असते, जागा पटकन मिळते आणि हॉल पण शांत असतो.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बरोबर आई-बाबा किंवा सासू-सासरे असतील तर गाडीतच त्यांना स्पष्ट सांगा की हे बीफचं हॉटेल आहे, आजूबाजूच्या टेबलांवर तेच असणार, दारात शिरल्यावर काचेत कच्चं मांस मांडलेलं दिसेल. आधी कळलं असेल तर माणूस मनाची तयारी करतो, आणि ज्यांना नकोच आहे त्यांना आग्रह करू नका. माझ्या आईने गाडीत दहा मिनिटं विचार केला आणि म्हणाली, मला माझं ताट वेगळं मिळत असेल तर मी येते, मला ते घोडेवाले बघायचेत.

पोचल्यावर

चुकूच शकत नाही. आय-४० या मोठ्या हायवेवरून दुरूनच उंच काउबॉयची पाटी दिसते आणि खाली झगझगीत पिवळी इमारत. अमारिलो हा स्पॅनिश शब्दच मुळात पिवळ्या रंगाचा, म्हणून तो रंग तिथे शोभतो पण. शेजारी त्यांचंच मोटेल आहे, जुन्या काउबॉय गावातल्या दुकानांच्या रांगेसारखं रंगवलेलं, आणि स्विमिंग पूल चक्क टेक्सासच्या नकाशाच्या आकाराचा. पार्किंगमध्ये पुढे लाँगहॉर्न गुरांची लांब शिंगं लावलेल्या पांढऱ्या लांबलचक गाड्या दिसतील. त्या फक्त शोभेच्या नाहीत, गावातल्या हॉटेलात उतरला असाल तर फोन केल्यावर तुम्हाला फुकट न्यायला येतात आणि परत सोडतात. दारू घेणारे लोक बरोबर असतील तर ही सोय नक्की वापरा, आणि ड्रायव्हरला टिप द्या.

हे ठिकाण १९६० साली बॉब ली नावाच्या गृहस्थांनी रूट ६६ या जुन्या प्रसिद्ध हायवेवर सुरू केलं. मग इंटरस्टेट, म्हणजे नवा मोठा हायवे आय-४०, आला, गाड्या तिकडे वळल्या, तर १९७० मध्ये हॉटेलही उचलून हायवेला आलं. १९७६ मध्ये मोठी आग लागली, त्यातून परत उभं राहिलं, आणि पुढे त्यांच्या मुलांनी चालवलं. जुन्या रूट ६६ वरची कितीतरी दुकानं हायवे आल्यावर बंद पडली, हे टिकलं, त्यामुळे भिंतीवरची ती भुसा भरलेली हरणांची डोकी आणि लाकडी खांब बघताना मला नुसती सजावट बघतोय असं वाटत नाही.

आत शिरलात की आधी नाव लिहा, मग फिरा. उलट करू नका, कारण फिरण्यात अर्धा तास कसा जातो कळत नाही. भेटवस्तूंचं दुकान आहे, फज मिळतो, बंदुकीने नेम धरायचा खेळ आहे, काचेच्या पेटीत जिवंत रॅटलस्नेक आहे. मुलांसाठी क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, सुटी ठेवा.

कुठे बसायचं

जागा देणाऱ्या मुलीला सांगा की चॅलेंजचं टेबल दिसेल असं बसव. हे एक वाक्य लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. हॉलच्या मध्ये थोडं उंचावर एक टेबल असतं, वर लाल आकड्यांची घड्याळं, आणि तिथे बसून लोक तो प्रसिद्ध ७२ औंसांचा स्टेक खायचा प्रयत्न करत असतात. ७२ औंस म्हणजे साडेचार पौंड, म्हणजे आपल्या हिशेबात दोन किलोच्या वर. शिवाय कोळंबीचं कॉकटेल, भाजलेला बटाटा, सॅलड आणि ब्रेड रोल. हे सगळं एका तासात संपवलं तर जेवण फुकट. पैसे आधीच भरायचे, जिंकलात तर परत.

नियम बघा कसे आहेत. घड्याळ सुरू व्हायच्या आधी एक घास चाखून बघायला देतात, मांस मनासारखं शिजलंय का ते, तुम्ही हो म्हणालात की वेळ चालू. त्यानंतर उठायचं नाही, टेबल सोडायचं नाही, दुसऱ्या कोणी ताटाला हात लावायचा नाही, कापून सुद्धा द्यायचं नाही. चरबी सोडली तर चालते, पण किती सोडायची ते तेच ठरवतात. उलटी झाली की संपलं, त्यासाठी शेजारी बादलीची सोय असते. हरलात तर उरलेलं घरी न्यायला मिळतं, पण तिथे बसून घरच्यांनी वाटून खायचं नाही. हे शेवटचं खास आपल्यासाठी सांगतेय, कारण आपल्याकडे ताटात उरलेलं बघवत नाही आणि हात आपोआप पुढे जातो.

प्रथा कशी सुरू झाली त्याची गोष्ट हॉटेलवाले सांगतात ती अशी, की गुरांच्या बाजारातले काउबॉय पगाराच्या दिवशी यायचे आणि कोण किती खातो यावर पैज लागायची, त्यातला जो जिंकला त्याने खाल्लेला स्टेकच ७२ औंस भरला, बाकीचं वेगळं, आणि बॉब ली यांनी तिथेच जाहीर केलं की यापुढे जो एवढं एका तासात खाईल त्याला फुकट. आता ते खाऊन दाखवणारे नावाजलेले खवय्येसुद्धा येतात. जोई चेस्टनटने २००८ मध्ये नऊ मिनिटांच्या आत संपवलं. मग मॉली शायलर आली, चार मुलांची आई, अंगाने अगदी सडपातळ, तिने २०१४ मध्ये पाच मिनिटांच्या आत पहिलं ताट उडवलं, आणि २०१५ मध्ये तर वीस मिनिटांत तीन ताटं.

आम्ही गेलो तेव्हा एक विशीतला मुलगा बसला होता, कॉलेजची टोपी उलटी घातलेली, मित्र खाली टेबलावर. पहिली पंधरा मिनिटं तो हसत हसत हात वर करून दाखवत होता. पस्तिसाव्या मिनिटाला हसणं बंद झालं, घास तोंडात ठेवून नुसता चावत बसला, गिळणं होईना, पाण्याचा ग्लास उचलायचा आणि परत ठेवायचा. मांस गार झालं की लवकर जात नाही हो, चरबी थिजते, आणि त्याने सुरुवातीला ब्रेड आणि बटाट्यावर ताव मारला होता. आई जेवायची थांबून त्याच्याकडे बघत होती, मला म्हणाली, त्याला कोणीतरी पुरे म्हणा गं. शेवटी बारा मिनिटं राहिली असताना त्याने काटा खाली ठेवला आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या, जिंकणाऱ्याला वाजवतात तशाच.

तुमच्यातल्या कोणाला बसायचंच असेल तर दोन गोष्टी. उपाशीपोटी थेट येऊन बसू नका, आदल्या दिवशी नीट जेवलेलं बरं. आणि गरम आहे तोवर स्टेक आधी, ब्रेड सगळ्यात शेवटी. बीपी, शुगर, ॲसिडिटी असलेल्यांनी या भानगडीत पडूच नये, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

मेनू वाचताना कुठे फसायला होतं

इथे नीट लक्ष द्या, कारण नावं फसवी आहेत.

चिकन फ्राइड स्टेक म्हणजे चिकन नाही. ते बीफच असतं, ठेचून पातळ केलेलं, तळलेल्या चिकनसारखं पिठात घोळवून तळलेलं, वर पांढरी ग्रेव्ही. आमचे एक नातेवाईक टेक्सासमध्ये नवीन असताना हायवेवरच्या एका दुसऱ्याच हॉटेलात चिकन समजून हे अर्धं खाऊन बसले, नंतर कळलं तेव्हा ते आठवडाभर अस्वस्थ होते. चिकन हवं असेल तर फ्राइड चिकन किंवा ग्रिल्ड चिकन असं मागा, आणि 'नो बीफ' स्पष्ट म्हणा.

माउंटन ऑयस्टर्स म्हणजे समुद्रातलं काही नाही. बैलाचे अंडकोष, कापून, तळून देतात. तिथली ही जुनी खासियत आहे, ज्यांना चाखायचं त्यांनी जरूर चाखावं, नवऱ्याने चाखलं, म्हणाला कलेजी आणि कोंबडीच्या पोटाच्या मधलं काहीतरी. पण कोकणातल्या माणसाने कालवं समजून मागवू नये.

टेक्सासच्या चिलीमध्ये मांस असतं, राजम्यासारखं समजू नका. बीन्समध्ये आणि फरसबीत सुद्धा बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, टाकायची इथे सर्रास पद्धत आहे, दिसत नाही पण असतं. 'लोडेड' बटाटा म्हणजे वर बेकनचे तुकडे आले. म्हणून शाकाहारी माणसासाठी ऑर्डर देताना नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, 'मांस नाही, बेकन नाही, मांसाचा स्टॉक नाही, मासे नाही' असं एकेक सांगा, कारण काही लोकांना व्हेजिटेरियनमध्ये चिकन-मासे धरायची सवय असते. सर्व्हर मंडळी मनापासून मदत करतात, न कळलं तर किचनमध्ये जाऊन विचारून येतात, त्यात संकोच करायचं काही नाही.

आईचं ताट असं झालं होतं. मोठा भाजलेला बटाटा, मधोमध चिरून लोणी, चीज, आंबट क्रीम आणि कांद्याची पात, बेकन नाही. सॅलड, चीज घातलेली मॅकरोनी, गरम रोल. तिने पर्समधून मेतकुटाची पुडी काढून बटाट्यावर भुरभुरवली, आणि मी खाऊन बघितलं, खरंच छान लागतं. तळलेली भेंडी पण मिळते, मक्याच्या पिठात घोळवलेली, पण तिचं तेल आणि मांसाचं तेल एकच आहे का ते आधी विचारा. कडक पाळणाऱ्यांनी तळलेलं टाळलेलंच बरं, भाजलेल्या बटाट्याला तो प्रश्न नाही.

आणि ते 'सूप ऑर सॅलड' इतकं पटकन म्हणतात की आपल्याला 'सुपर सॅलड' ऐकू येतं. आपण हो म्हणतो, ते परत विचारतात, आपण परत हो म्हणतो. दोनातलं एक सांगायचं असतं एवढंच. चहा मागितलात तर थंडगार, बर्फाचा येतो, वर 'स्वीट का अनस्वीट' विचारतात. स्वीट म्हणजे पाकासारखा गोड. गरम चहा हवा असेल तर 'हॉट टी' म्हणा.

स्टेक खाणाऱ्यांसाठी

जे खातात त्यांना सर्व्हर हमखास विचारणार, कसा शिजवू. रेअर म्हणजे आत लाल आणि कोमट, मीडियम रेअर म्हणजे मध्ये गरम आणि लालसर, मीडियम म्हणजे गुलाबी, मीडियम वेल म्हणजे किंचित गुलाबी, वेल डन म्हणजे पूर्ण शिजलेला. मटण चार शिट्ट्या करून खाणाऱ्या आपल्या माणसांना लाल रंग बघून कसंतरी होतं, तो लाल रस रक्त नसतो, मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन आणि पाणी असतं. पहिल्यांदाच खात असाल तर मीडियम मागा. जास्त वाटलं तर पुढच्या वेळी खाली या, कमी वाटलं तर तिथल्या तिथे परत देऊन थोडा वेळ अजून शिजवून मागता येतो, उलटं मात्र होत नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांसाठी मात्र पूर्ण शिजवूनच घ्या.

कोणता तुकडा? रिबआयमध्ये चरबीच्या रेषा जास्त असतात म्हणून चव भरपूर, सर्लॉइन त्यापेक्षा सुका आणि स्वस्त, फिले सगळ्यात मऊ आणि महाग. प्राइम रिब ही वेगळी गोष्ट, ती जाळावर भाजत नाहीत, मोठा तुकडा ओव्हनमध्ये सावकाश भाजून मग कापतात. पहिल्या वेळेला मी सर्लॉइन किंवा छोटा रिबआय सांगेन. दोघांत एक घेतला तरी पुरतो, एक जास्तीचं ताट मागा. सॉस लगेच ओतू नका, पहिले दोन घास मीठ-मिरीवरच खा.

मध्येच गाणारे येतात

जेवताना काउबॉय टोपीतले दोन-तीन वादक गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) घेऊन टेबला-टेबलापाशी येतात आणि विचारतात कुठलं गाणं वाजवू. नवीन माणूस गांगरतो. नको असेल तर हसून 'नो थँक यू' म्हटलं की पुढे जातात, काही वाटून घेत नाहीत. हवं असेल तर पाच-दहा डॉलर रोख हाताशी ठेवा, कारण त्यांची कमाई टिपवरच असते. गाणं सुचत नसेल तर तुम्हीच निवडा म्हणा. बाबांनी त्यांना हातवारे करून काहीतरी ठेक्याचं वाजवा असं सांगितलं आणि फिडल सुरू झाल्यावर टेबलावर बोटांनी असा ठेका धरला की फिडलवाला वाकून त्यांच्या बोटांकडे बघत त्यांच्या लयीत वाजवायला लागला. बाबा तरुणपणी भजनी मंडळात ढोलकी वाजवायचे. दोघांना एकमेकांचं एक वाक्य कळत नव्हतं, आणि गाणं संपल्यावर त्याने टोपी काढून बाबांच्या डोक्यावर ठेवली. तो फोटो आता आमच्या सांगलीच्या घरात हॉलमध्ये लावलाय.

वाढदिवस असेल तर आधीच सर्व्हरच्या कानावर घाला. पण आजी-आजोबांचा असेल तर त्यांना आधी विचारा, काहींना सगळ्यांनी आपल्याकडे बघितलेलं आवडत नाही.

बिल आणि निघताना

टिप १८ ते २० टक्के. आठ-दहा जण असाल तर ती बिलात आधीच धरलीय का बघा, नाहीतर दोनदा दिली जाते. उरलेलं डब्यात भरून मागा, तिथे सगळेच मागतात. पण पुढे पाच तास गाडीत राहणार असेल तर कूलर बॉक्समध्ये बर्फ घालून ठेवा, उन्हाळ्यात गाडीत मांस टिकत नाही. बिअर त्यांची स्वतःची बनवलेली मिळते, त्यासाठी आयडी लागतं, भारतातून आलेल्या बाबांना घ्यायची असेल तर पासपोर्ट बरोबर ठेवा, पांढरे केस बघून सोडतील असं धरून चालू नका.

मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी कॅडिलॅक रँच करा, गावाच्या पश्चिमेला आय-४० ला लागूनच, १९७४ पासून दहा कॅडिलॅक गाड्या शेतात नाक खुपसून उभ्या आहेत आणि कोणीही जाऊन त्यांच्यावर स्प्रे पेंट मारू शकतं, मुलं वेडी होतात, जुने कपडे घाला आणि रिकामे डबे तिथे टाकून येऊ नका. अर्धा दिवस जास्त असेल तर पालो ड्युरो कॅन्यन, गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर, पण उन्हाळ्यात सकाळीच जा.

आणि एक सांगायचं राहिलं. चॅलेंजच्या टेबलावर कॅमेरा असतो आणि ते इंटरनेटवर लाइव्ह दिसतं. टेक्सासमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सात म्हणजे भारतात पहाटेचे साडेपाच, त्यामुळे तुम्ही बसणार असाल तर घरच्यांना आधी कळवून ठेवा. बाबा आता सांगलीत सकाळचा चहा घेत अधूनमधून ते लावून बसतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, आवाज काळजीचा, मी दचकलेच. म्हणाले, अगं एक बारीक मुलगी बसलीय, तिने आधी बटाटा संपवलाय, तिला कोणी सांगितलं नाही वाटतं.